दिवाण-ए-खाससमोर उभं राहून

लाल किल्ला आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला असतो. १५ ऑगस्टला पंतप्रधान लाहोरी दरवाज्यावरच्या तटावरून बोलतात, तिरंगा फडकतो, कॅमेरा एकदा लाल भिंतींवरून फिरतो आणि कार्यक्रम संपतो. त्या दरवाज्याच्या आत काय आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्याकडून दिल्लीला जाणारे प्रवासीही बहुधा तटासमोर फोटो काढतात आणि चांदणी चौकात पराठे खायला वळतात. मी मात्र गेल्या सुटीत अख्खा दिवस हाताशी ठेवूनच आत गेलो. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला इथं दोन कामं असतात. उर्दूला तिचं नाव या किल्ल्याच्या आणि त्याच्या भोवतालच्या शहराच्या बोलीवरून मिळालं. आणि मराठ्यांच्या इतिहासातली काही मोठी पानं याच किल्ल्यात लिहिली गेली.

शाहजहाननं आग्र्याहून राजधानी दिल्लीला हलवायचं ठरवलं आणि १६३९ ते १६४८ या काळात यमुनेच्या काठी हा किल्ला उभा राहिला. उस्ताद अहमद आणि उस्ताद हमीद हे त्याचे मुख्य कारागीर. भोवतालच्या शहराचं नाव शाहजहानाबाद. किल्ल्याचं त्या वेळचं नाव किला-ए-मुबारक, पुढे लोक किला-ए-मुअल्ला म्हणू लागले. ‘लाल किल्ला’ हे नाव रूढ झालं ते नंतर. जवळजवळ अडीच किलोमीटरचा तट आणि त्याच्या आत एक राजवाडा नव्हे, तर बाजार, कारखाने, बागा, महाल यांचं एक शहरच.

लाहोरी दरवाज्यातून आत शिरलं की छत्ता चौक लागतो. वर छप्पर असलेला हा बाजार पूर्वी शाही घराण्यासाठी रेशीम, जरी, दागिने विकायचा. आज तिथं बांगड्या, पर्सा आणि लाकडी हत्ती मिळतात. पुढे नौबतखाना. इथं दिवसातून पाच वेळा नौबत झडायची आणि शाहजादे सोडून बाकी सगळ्यांना हत्ती-घोड्यावरून इथंच उतरावं लागायचं. नौबतखाना ओलांडला की एकदम मोकळं मैदान दिसतं. माझ्या पुढे चाललेलं एक कुटुंब ‘केवढी जागा ठेवली होती’ म्हणून कौतुक करत होतं. ही जागा ठेवलेली नाही, केलेली आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्यातल्या बहुतेक इमारती पाडल्या, जनानखान्याचे चौक भुईसपाट केले आणि सैनिकांसाठी बराकी बांधल्या. त्या तीन मजली बराकी अजून उभ्या आहेत आणि किल्ल्यातली सगळ्यांत उंच वास्तू त्याच वाटतात. दिवाण-ए-आममधल्या सिंहासनामागचे रंगीत दगडांच्या जडणकामाचे तुकडेही एका इंग्रज अधिकाऱ्यानं काढून लंडनला नेले होते. लॉर्ड कर्झनच्या प्रयत्नानं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परत आले.

यमुनेच्या बाजूला संगमरवरी महालांची रांग आहे. आता यमुना तिथून दूर सरकली आहे. तटाखालून पाण्याऐवजी रिंग रोडवरची वाहनं वाहतात. रंगमहाल, खास महाल, आणि त्याच रांगेत दिवाण-ए-खास. बादशहानं निवडक लोकांना भेटायचा हा दरबार. त्याच्या कमानींवर पृथ्वीवरच्या स्वर्गाविषयीचा तो प्रसिद्ध फारसी शेर कोरलेला आहे. बहुतेक वाटाडे पर्यटकांना तो शेर ऐकवतात आणि पुढे नेतात. मी दोरीच्या अलीकडे उभा राहून वर पाहत होतो. मला छत पाहायचं होतं.

छताची गोष्ट

या दालनाचं छत एके काळी चांदीनं मढवलेलं होतं. आज दिसतं ते लाकडी छत १९११ मध्ये नव्यानं रंगवलेलं आहे. चांदी कुठं गेली?

नादिरशहानं नेली, असं चटकन वाटतं. १७३९ मध्ये नादिरशहानं दिल्ली लुटली, कत्तल केली, तख्त-ए-ताऊस म्हणजे मयूर सिंहासन आणि कोहिनूर घेऊन तो इराणला गेला. पण छताची चांदी त्यानं नेलेली नाही. ती उतरवली १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंच्या फौजेनं.

कारण साधं होतं, पैसा नव्हता. ऑगस्टच्या सुरुवातीला भाऊंनी दिल्ली घेतली. पावसाळा होता, यमुनेला पूर होता आणि पलीकडे अब्दाली. हजारो माणसं, जनावरं, बाजारबुणगे, यात्रेकरू यांना खायला घालायचं होतं, शिपायांचे पगार थकले होते. दक्षिणेतून रक्कम येत नव्हती आणि उत्तरेत वसुली होत नव्हती. म्हणून दिवाण-ए-खासची चांदी उतरवून तिची नाणी पाडण्यात आली. पाच महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं.

आपल्याकडे पानिपताची गोष्ट हिंदू फौज आणि मुसलमान फौज अशी सांगायची सवय लागली आहे. त्या गोष्टीत इब्राहिमखान गारदी बसत नाही. मराठ्यांचा तोफखाना आणि गारदी पलटणी त्याच्या हाताखाली होत्या. तो पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. त्याच गोष्टीत आणखी एक माणूस बसत नाही. परंपरा सांगते की पानिपतातून पळताना पायावर घाव बसून पडलेल्या तरुण महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या एका भिश्त्यानं आपल्या बैलावर घालून सुखरूप दक्षिणेकडे आणलं. महादजी त्याला आयुष्यभर भाऊ म्हणत राहिले. पुढे तो त्यांच्या फौजेतला मोठा सरदार झाला. या राणेखानाची आणि दिवाण-ए-खासची गाठ पडायची होती, सत्तावीस वर्षांनी.

मराठे दिल्लीत कधी आले?

तशी मराठ्यांची या किल्ल्याशी ओळख पानिपतापेक्षा जुनी. १७१९ मध्ये पेशवा बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीबरोबर फौज घेऊन दिल्लीत आले. बादशहा फर्रुखसियर आणि सय्यद बंधू यांच्यातलं भांडण विकोपाला गेलं होतं. बादशहा पदच्युत झाला. त्या दिवसांत शहरात उसळलेल्या दंगलीत मराठ्यांची शेकडो माणसं मारली गेली. नव्या बादशहाच्या नावानं स्वराज्याच्या, आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांतल्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. आणि रायगड पडल्यापासून, म्हणजे जवळपास तीस वर्षं मोगलांच्या कैदेत असलेल्या महाराणी येसूबाई सुटून साताऱ्याला परतल्या.

यात कोण कुणाच्या बाजूचं होतं? मोगल बादशहाविरुद्ध मोगल दरबारातलेच सय्यद, त्यांच्या बाजूला मराठे, आणि मराठ्यांना हवी होती ती मोगल बादशहाच्याच शिक्क्याची सनद. बादशहाची ताकद उतरली होती. त्याच्या शिक्क्याची किंमत उतरली नव्हती. अठराव्या शतकाचं राजकारण समजायचं तर हे एक वाक्य लक्षात ठेवावं लागतं.

त्यामुळेच पानिपतानंतर दहा वर्षांनी मराठे पुन्हा दिल्लीत आले तेव्हा त्यांनी बादशाही संपवली नाही, चालू ठेवली. शाह आलम दुसरा तेव्हा अलाहाबादेला होता. बक्सरच्या लढाईनंतर १७६५ मध्ये त्यानं इंग्रज कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी दिली होती आणि त्यांच्या पेन्शनीवर दिवस काढत होता. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बारा-तेरा वर्षं राजधानीबाहेर राहिलेल्या या बादशहाला आणून तख्तावर बसवलं. त्याचं राज्य दिल्लीपासून पालमपर्यंतच, अशी थट्टा लोक करत. पालम म्हणजे आज जिथं विमानतळ आहे तो भाग. १७८४ मध्ये बादशहानं पेशव्यांना वकील-ए-मुतलक केलं आणि पेशव्यांच्या वतीनं तो कारभार महादजींकडे आला. वकील-ए-मुतलक म्हणजे बादशहाच्या वतीनं सर्व काही करायचा अधिकार असलेला कारभारी.

१७८८

महादजींचं बळ राजपुतान्यातल्या मोहिमेत खचलं आणि दिल्ली उघडी पडली. ती संधी साधून रोहिला सरदार गुलाम कादिर किल्ल्यात शिरला. अब्दालीला हिंदुस्थानात आणण्यात ज्याचा मोठा हात होता त्या नजीबखानाचा, म्हणजे नजीबुद्दौल्याचा हा नातू. त्यानं बादशहाला तख्तावरून उतरवलं, खजिन्यासाठी महालांच्या जमिनी खणल्या, शाहजाद्यांना मारहाण केली, जनानखान्यातल्या बायकामुलांना उपाशी ठेवलं. आणि १० ऑगस्ट १७८८ ला, साठ वर्षांच्या शाह आलमचे डोळे काढले.

मराठी फौज ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोचली. तिचा सेनापती होता राणेखान. त्याच्याबरोबर जिवबादादा बक्षी होते. गुलाम कादिर पळाला, मेरठजवळ वेढला गेला, डिसेंबरात पकडला गेला आणि पुढच्या वर्षी महादजींच्या हुकमानं हाल करून मारला गेला. आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवण्यात आलं.

दोरीच्या अलीकडे उभा राहून मी या दालनात घडलेल्या गोष्टींची मनात यादी करत होतो. छत उतरवणारे मराठे. डोळे काढणारा मुसलमान. त्या मुसलमानाला पकडणारे मराठे, आणि त्या मराठ्यांचा सेनापती मुसलमान. ज्याला वाचवलं तोही मुसलमान, आणि ज्याच्या नावानं वाचवलं ते महादजी बीडच्या मन्सूरशहा नावाच्या सूफी फकिराला गुरू मानणारे. आता यातून ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असे दोन ढीग करून दाखवा.

‘तुमचे मोगल’

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. कुणी चांगल्या मनानं म्हणतं, ‘तुमच्या लोकांनी काय सुंदर इमारती बांधल्या.’ कुणी वाईट मनानं म्हणतं, ‘तुमच्या मोगलांनी काय केलं ते आम्ही विसरलेलो नाही.’ दोन्ही वाक्यांत ‘तुमचे’ हा शब्द सारखाच आहे. माझ्या घरात पाच पिढ्या मागं गेलं तर कापूस पिंजणारी माणसं सापडतात. शाहजहानच्या दरबारात त्यांना नौबतखान्याच्याही अलीकडे कुणी उभं केलं नसतं. त्यांची गाद्या-रजया भरायची कामं मराठी गावांत होती, भांडणं मराठीत होती, नमाज अरबीत आणि हिशेब मोडीत होता. मोगलांच्या वैभवात त्यांचा वाटा नव्हता. मग त्यांच्या जुलमाचं ओझं तरी त्यांच्या पणतवंडांनी का वाहायचं?

याच्या उलटही खरं आहे, आणि ते आपल्या लोकांना सांगणं मला तितकंच गरजेचं वाटतं. काही मुस्लीम तरुण मोगलांचा उल्लेख असा करतात की जणू कालपर्यंत राज्य आपल्या घरात होतं आणि कुणीतरी हिसकावून नेलं. त्यांनी १७८८ चा तो ऑगस्ट महिना एकदा वाचावा. शाह आलमला कुठल्या काफिरानं आंधळं केलं नाही. आणि इब्राहिमखान, राणेखान हे गद्दार नव्हते. ते मराठी राज्याचे नोकर होते आणि त्यांनी आपली नोकरी इमानानं केली. इमान हा शब्द तेव्हा धन्याच्या मिठाशी जोडलेला होता.

वर्गात सहावी-सातवीची मुलं लढाई शिकताना हमखास विचारतात, ‘सर, यात आपले कोण?’ मुलांचं काही चुकत नाही, गोष्टीत आपली बाजू शोधणं स्वाभाविक आहे. मी त्यांना राणेखानाची गोष्ट सांगतो आणि तोच प्रश्न त्यांना परत विचारतो. वर्ग थोडा वेळ गप्प होतो. इतिहासाच्या तासाला ती शांतता मला मोलाची वाटते.

आंधळ्या बादशहाचं पुस्तक

उर्दूच्या शिक्षकाला या किल्ल्यात आणखी एक जागा शोधायची असते, पण तिला पाटी नाही. ‘उर्दू’ म्हणजे छावणी, लष्कराचा तळ. बादशहा जिथं राहतो तो तळ उर्दू-ए-मुअल्ला, आणि तिथली बोली ती ज़बान-ए-उर्दू-ए-मुअल्ला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लांबलचक नाव झिजत झिजत नुसतं ‘उर्दू’ उरलं.

शाह आलम स्वतः कवी होता, ‘आफताब’ या नावानं लिहायचा. डोळे गेल्यावर त्यानं सांगून लिहवून घेतलेला ‘अजायब-उल-कसस’ हा ग्रंथ उर्दूतल्या सुरुवातीच्या गद्य दास्तानांपैकी एक मानला जातो. त्याचं साल १७९२-९३. त्याच्या ‘नादिरात-ए-शाही’ या १७९७ च्या संग्रहात फारसी आणि उर्दूबरोबर ब्रज आणि पंजाबीतल्याही रचना आहेत. होळीची, सणावारांची गाणी त्यात आहेत.

आता ते साल पुन्हा पाहा. १७९२ मध्ये किल्ल्यावर शिंद्यांचा पहारा होता. म्हणजे मराठ्यांच्या पहाऱ्यात एक आंधळा बादशहा उर्दू गद्य सांगत होता. त्याच वर्षी जूनमध्ये महादजी पुण्यात होते. वकील-ए-मुतलकीची फर्मानं आणि खिलत सवाई माधवरावांना देण्यासाठी त्यांनी मोठा दरबार भरवला. त्या दरबारात बादशहाचं प्रतीक म्हणून एक रिकामं तख्त मांडलं होतं, त्यावर फर्मान ठेवलं होतं. पेशव्यांनी तख्ताला मुजरा केला, नजराणा ठेवला आणि मगच खिलत स्वीकारली. नाना फडणविसांना हा सगळा थाट पसंत नव्हता. गंमत म्हणजे त्यांच्या नावातला ‘फडणवीस’ हाही फारसीतल्या ‘फर्द-नवीस’वरूनच आलेला.

हे सगळं गोड गोड होतं, असं मात्र नाही. बादशहाला ठरलेली रक्कम वेळेवर मिळत नसे, किल्ल्यातल्या लोकांचे हाल होत. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्यात वानवडीला वारले. ११ सप्टेंबर १८०३ ला दिल्लीजवळ पटपडगंजला लॉर्ड लेकनं शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि काही दिवसांनी तो किल्ल्यात आला. फाटक्या छत्राखाली बसलेल्या आंधळ्या, गरीब बादशहानं त्याचं स्वागत केलं. एका अर्थानं दिल्लीवरची मराठ्यांची सत्ता आणि मोगलांची उरलीसुरली सत्ता एकाच आठवड्यात संपली. ज्यांनी ती संपवली त्यांनी पुढे शंभर वर्षं आपल्याला शिकवलं की मराठे आणि मोगल हे फक्त एकमेकांचे शत्रू होते आणि आम्ही येऊन तुम्हाला सोडवलं.

तीन खटले

दिवाण-ए-खासमध्ये २७ जानेवारी १८५८ ला आणखी एक गोष्ट घडली. शाह आलमचा नातू बहादूरशहा जफर याच्यावर त्याच्याच दरबारात खटला सुरू झाला. कंपनी कागदोपत्री बादशहाची चाकर होती. चाकरानं धन्यावर बंडाचा आरोप ठेवला आणि धनी दोषी ठरला. जफरला रंगूनला पाठवलं, तो १८६२ मध्ये तिथंच वारला.

नोव्हेंबर १९४५ मध्ये याच किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लाँ यांच्यावर खटला चालला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. तिघांना एकत्र उभं करून इंग्रजांनी सगळा देश एकत्र आणला. नेहरूंनी १६ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा फडकवायला हाच किल्ला निवडला, त्यामागे या दोन खटल्यांची आठवण होती असं मला वाटतं. आणि वर्षही झालं नव्हतं तोच, मे १९४८ मध्ये, गांधीजींच्या खुनाचा खटला इथंच सुरू झाला. त्यातल्या आरोपींपैकी बरेच जण महाराष्ट्रातले होते. लाल किल्ल्यातल्या मराठी पानांत तेही एक पान आहे, आणि ते फाडून टाकता येत नाही.

मेहरौली

दुसऱ्या दिवशी मी मेहरौलीला गेलो. ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्याला लागून एका छोट्या आवारात शाह आलमची कबर आहे. संगमरवरी, पण साधी. शेजारी मुलगा अकबर दुसरा. आणि त्यांच्यामध्ये एक मोकळी जागा, बहादूरशहा जफरनं आपल्यासाठी राखून ठेवलेली. ती मोकळीच राहिली. मी तिघांसाठी फातिहा पढलो. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

दिल्लीला जाणार असाल तर लाल किल्ल्यात किमान तीन तास द्या. सोमवारी तो बंद असतो. दिवाण-ए-खाससमोर थांबलात तर तो फारसी शेर वाटाडा ऐकवेलच. तुम्ही वर पाहा आणि बरोबरच्या मुलांना त्या छताची, आंधळ्या बादशहाची आणि राणेखान भिश्त्याची गोष्ट सांगा. ती गोष्ट सांगणारी पाटी तिथं नाही, पण आपल्याला ती मराठीतही सांगता येते आणि उर्दूतही.